चार पानं

डॉक्टरांनी गोदूबाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत चुन्यासारखं पांढरं.

"खातात काय या? सातवा महिना ना?"

शेषगिरींनी लगबगीने कोटाच्या खिशातून सरकारी आहारपत्रक काढलं. धारवाडच्या आरोग्य कचेरीत ते कारकून. हे पत्रक मराठीत त्यांनीच उतरवलं होतं, केलगेरीपर्यंत हिंडून वाटलं होतं. 'याप्रमाणे जेवणारा दीर्घायुषी होतो,' हे शेवटचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं.

"वर्षभर घरात याच मापानं चाललंय, डॉक्टर. तांदूळ, डाळ, पालेभाजी, दूध. रोज सकाळी मी स्वतः तोलून देतो. आमचे अप्पा पंचाहत्तरीत माडी चढतात!"

"मी यांचं विचारतोय."

"घरात पानं चार. अप्पा, मी, दोघं मुलगे. दर पानाला—"

"आणि या?"

"ती माझ्याच पानावर बसते. मागाहून. रीतच आहे आमच्यात."

उशाशी गोदूबाईची थोरली बहीण हेमावती बसली होती. जुन्या हुबळीहून ती कालच आली होती.

"भावजी, आधी तुम्ही पानात तिच्यापुरतं टाकून उठत होता की. काल पाहिलं, पान मांजरानं चाटल्यागत!"

"माप पुरं पोटात गेलं पाहिजे, अक्का. तसं लिहिलंय."

"मग तिनं काय खायचं? तुमचा कागद?"

शेषगिरींनी पत्रकाकडे पाहिलं. मापांच्या डोक्यावर एकच शब्द होता: माणशी. अक्षर त्यांचंच. वर्षभर त्यांनी पानं मोजली होती.

ते गोदूबाईकडे वळले.

"अगं, बोलली का नाहीस?"

गोदूबाईने डोळे उघडले. "तुमचं माप चुकलं असतं की हो."

तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. पोटातल्या जिवासकट.

तेरावं उरकल्यावर शेषगिरींनी पुन्हा तराजू काढला. हेमावतीचे वेगळे काढले, तरी पाच माणसांचे तांदूळ तोलले. हेमावती बघत राहिली.

दुपारी ते जेवायला बसले. निम्मा भात, भाजी, वाटीतलं दूध तसंच ठेवून पाटावरून उठले. हेमावती पान उचलायला वाकली.

"राहू द्या, अक्का," ते म्हणाले. "अजून एक जेवण व्हायचंय."