फोटोतली नवरी

भिंगरीने शाळेचे मोजे घातले, परत काढले आणि खाटेवर फतकल मारून बसली. "मी नाही जाणार."

आईचा एक पाय दाराबाहेर होता. ती तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढायची. उपाशीपोटी आलेली माणसं खोळंबली की तिच्या नावाने शंख करायची.

"आता काय नवं खूळ?"

"पोरं म्हणतात, तुझं लग्न झालंय. नवरा कुठे लपवलास म्हणून विचारतात."

वर्गाला बालविवाहावर प्रकल्प दिला होता. पोरांनी संगणकावर शब्द टाकला आणि चित्रांच्या पहिल्याच ओळीत भिंगरी उभी! अंगावर भरजरी साडी, गळ्यात हार, रडून सुजलेले डोळे. आईने मोबाइलवर तो फोटो पाहिला. ती भिंगरी नव्हतीच. बाराव्या वर्षी लग्नाला उभी केलेली ती स्वतः होती. लेक आईचाच तोंडवळा घेऊन जन्मली, एवढाच त्या पोरीचा गुन्हा.

त्या संसारातून ती लेकीला कडेवर घेऊन बाहेर पडली, शिकली, पायावर उभी राहिली. लेकीला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. ते आता सांगावं लागलं. भिंगरी ऐकत राहिली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तो फोटो काढून टाकावा म्हणून आईने जिथे जिथे अर्ज करता येतील तिथे केले. शोधयंत्राच्या कंपनीने कळवलं, आम्ही फक्त चित्राची छोटी प्रत दाखवतो, तो कायद्याने चालणारा वाजवी वापर आहे. तक्रार हक्कदाराने करावी. बालविवाहावरच्या लेखावर तो फोटो छापणाऱ्या वर्तमानपत्राने कळवलं, लेख समाजहिताचा आहे. हक्कदार म्हणजे जिचा चेहरा ती नव्हे, ज्याने बटण दाबलं तो. आणि बटण दाबलं होतं तिच्या सख्ख्या मामाने.

मामाचा फोटो स्टुडिओ होता. तो कान खाजवत म्हणाला, "अगं, सामाजिक कामासाठी तो कुणीही वापरावा, असं मी कायमचं लिहून दिलंय. आता मागे घेता येत नाही." मग जरा फुशारून, "त्या फोटोने किती लग्नं थांबली असतील, विचार कर."

"माझं नाही थांबलं, मामा. तुम्ही तिथेच होतात ना?"

मामाने लेन्स पुसायला घेतली. त्या दिवशी तो पोटभर जेवला होता आणि मुलगी रडायला लागल्यावर कॅमेरा घेऊन जवळ सरकला होता.

तो फोटो लावून लेख लिहिणारी माणसं वाईट नव्हती. कळकळीने लिहीत होती. लेखाच्या डोक्यावर त्यांना एक रडणारी मुलगी हवी होती, आणि ती फुकटात मिळत होती. ती पुढे मोठी झाली असेल, तिला विचारावं, हे एकालाही सुचलं नाही. तुम्हीही ते लेख वाचले असतील. चुकचुकला असाल आणि पान उलटलं असेल.

आई घरी आली तेव्हा भिंगरी आरशासमोर कात्री घेऊन बसली होती.

"केस काप माझे. अगदी बारीक."

"का गं?"

"तुझ्यासारखं दिसायचं नाही मला."

आईने लेकीच्या खांद्यांवर टॉवेल टाकला, वेणी सोडली आणि कापायला सुरुवात केली. डोळ्यांतलं पाणी तिने दंडाला पुसलं. सगळे केस खाली पडल्यावर भिंगरी आरशात बराच वेळ बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "अजूनही तूच दिसतेस."