खांद्यावर चिकटवलेली बंदूक

मित्रांनो, मी एक अर्धा शिपाई आहे. अर्धा म्हणजे छातीपर्यंतचा. त्याखाली लाकडाचा एक ठोकळा आहे आणि ठोकळ्यासकट मी तुमच्या ओंजळीत सहज मावेन. डोक्यावर लोखंडी टोप, छातीवर दोन आडवे पट्टे, एक औषधांच्या पिशवीचा आणि दुसरा पाण्याच्या बाटलीचा. मान जरा खाली वळलेली आहे, कारण माझ्यासमोर कोणी जखमी होऊन पडलं आहे असं मला घडवणाऱ्याने ठरवलं होतं. लढाईत जखमी झालेल्यांना मलमपट्टी करून मागे आणणारा जो शिपाई असतो, त्याचा मी नमुना. मी स्वतः लढाई पाहिलेली नाही. माझ्यासमोर लोक उगाच ताठ उभे राहतात, तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. रेझिन नावाचं पातळ द्रव्य साच्यात ओतलं, ते घट्ट झालं आणि मी बाहेर पडलो. त्याच साच्यातून माझे किती भाऊ निघाले, मला ठाऊक नाही. आमची कधी गाठ पडली नाही. डोकं वेगळं, धड वेगळं, अशा अवस्थेत एका डब्यात बसून मी शहाडला प्राचीच्या घरी आलो.

प्राची डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये कृत्रिम दात बनवते. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळला नाही तर माणूस हसताना तोंडावर हात धरतो, म्हणून तिची नजर भारी बारीक आहे. आठवडाभर लोकांचे दात आणि रविवारी आमच्यासारखी मंडळी, असा तिचा क्रम. तिनं आधी मला साबणाच्या पाण्यानं आंघोळ घातली, कारण साच्याचं तेल अंगावर राहिलं तर रंग धरत नाही. मग डोकं धडाला चिकटवलं. वर राखाडी अस्तर दिलं. डब्यावरच्या चित्रात माझे गाल गुलाबी होते आणि डोळे निळे. प्राचीनं ते चित्र उलटं करून ठेवलं.

"सगळे गोरेच कशाला रंगवायचे?" ती स्वतःशीच म्हणाली. "आपले लोकपण गेलेले की युद्धात."

असा मी सावळा झालो. चेहऱ्यावर तिनं दुधावरच्या सायीहून पातळ असे कितीतरी थर दिले. नुसत्या डोळ्यांत एक अख्खा रविवार गेला. शेवटी तिनं माझ्या दंडावर पांढरी पट्टी रंगवली आणि तिच्यावर लाल क्रॉस काढला. खोटं कशाला बोलू, मी देखणा दिसत होतो.

नेमके तेव्हा तिचे वडील बाबुराव चहाचा कप घेऊन आले. शहाडच्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी केव्हाच उलटलेले, बोलणं मोजकं. माझ्याकडे बघून त्यांचा कप हातातच राहिला.

"प्राची, अगं, हा बासारखा दिसतो."

बा म्हणजे त्यांचे वडील, चांगदेव. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात गेले होते. त्यांचा एकच फोटो घरात होता आणि तोही दोन हजार पाचच्या पुरात उल्हास नदीच्या पाण्यानं नेला. प्राचीनं आजोबांना कधी पाहिलं नव्हतं. आता एका परदेशी कारागिरानं मनानं घडवलेला माझा चेहरा मुरबाडकडच्या चांगदेवांसारखा कसा निघेल? पण बाबुरावांचे डोळे भरून आले होते. मला बोलता येत असतं तरी मी गप्पच राहिलो असतो.

"फक्त याला बंदूक लाव," ते म्हणाले. "आणि हा लाल क्रॉस पूस."

"पप्पा, हा मेडिक आहे. याच्याकडे बंदूक नसते."

"ते डब्यावरच्याचं झालं. माझ्या बाकडे होती. लढलेला तो. बंदूक लाव."

प्राची लहानपणापासून आजोबांच्या बंदुकीच्या गोष्टी ऐकत आली होती. तिनं दुसऱ्या एका खेळण्यातली उरलेली रायफल कापली, माझ्या उजव्या खांद्यामागे चिकटवली आणि क्रॉसवर खाकी रंग फिरवला. असं मला शस्त्र मिळालं.

त्यानंतर माझं बरंच कौतुक झालं. ठाण्याला एका सभागृहात अशा नमुन्यांचं प्रदर्शन होतं, तिथं प्राचीनं मला नेलं. एक जाणकार गृहस्थ भिंग लावून बघत म्हणाले, "मॅडम, काम एक नंबर. पण पिशवी मेडिकची आणि वर रायफल कशी?"

"घरचा माणूस आहे," प्राची म्हणाली.

बक्षीस अर्थातच मिळालं नाही. घरी आल्यावर मला काचेच्या कपाटात जागा मिळाली, एका बाजूला बुद्धमूर्ती आणि दुसऱ्या बाजूला कधीच न वापरलेला कपबशांचा सेट. आल्यागेल्याला बाबुराव मला दाखवायचे. "आमचे वडील. शंभर गोळ्या झाडल्या त्यांनी." पाहुणे माना डोलवायचे. पुढे पाहुणे कमी झाले, कौतुक आटलं, टोपावर धूळ साचली. तीन वर्षं अशी गेली. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. वस्तूचं आयुष्य असंच असतं.

गेल्या हिवाळ्यात कोपरीच्या बुद्धविहारातून फोन आला. जुन्या सैनिकांच्या घरच्यांचा सत्कार ठरला होता. रत्नदीप नावाचे समितीचे कार्यकर्ते म्हणाले, "काका, वडिलांचा फोटो आणा, स्टेजवर मांडू." बाबुराव म्हणाले, "फोटो नाही, पुतळा आहे." त्यांनी मला स्वतः पुसलं, कापसात गुंडाळलं आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं.

कोपरीत बाबुरावांची थोरली बहीण, जाईबाई, राहते. कार्यक्रम संध्याकाळी होता, म्हणून दुपारचं जेवण तिच्याकडे ठरलं. जेवणं झाल्यावर प्राचीनं खोकं उघडलं आणि मला आत्याच्या हातात दिलं. जाईबाईंना डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही. त्या बोटांनीच बघतात. टोपावरून, कपाळावरून, नाकावरून त्यांची सुरकुतलेली बोटं फिरली. इतक्या सावकाश मला तोवर कोणी पाहिलं नव्हतं. खांद्यापाशी बोट थांबलं.

"ह्ये काय टोचतंय?"

"बंदूक आहे आत्या. आजोबांची."

"कोनाची? बंदूक कुठं व्हती त्याच्याकडं?" जाईबाई म्हणाल्या. "बा डोली उचलायचा. जखमी मानसं आनायचा खांद्यावरनं. ह्या उजव्या खांद्याला हा येवढा घट्टा व्हता. मी त्याला तेल लावायची."

"ताई, गप बस," बाबुराव म्हणाले. "पोरीसमोर काय बोलतेस?"

"का? चोरी केली का त्यानं?"

प्राची एकदा वडिलांकडे बघे, एकदा आत्याकडे. बाबुराव खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि तिकडे तोंड करूनच बोलू लागले.

"चौथीत होतो. मास्तरांनी विचारलं, तुझा बाप लढाईत काय करायचा. मी म्हटलं, माणसं उचलायचा. मागून एक पोरगा म्हणाला, म्हणजे तिकडे जाऊनपण मढीच ओढली की! सगळा वर्ग हसला. मास्तरपण हसले. दुसऱ्या दिवसापासून मी बंदूक सांगायला लागलो."

मित्रांनो, तो वर्ग का हसला ते तुम्हाला सांगायला हवं. जुन्या काळी गावातली मेलेली गुरं ओढून नेण्याचं काम बाबुरावांच्या समाजावर लादलेलं होतं. काम त्यांच्याकडून करून घ्यायचं आणि त्याच कामावरून त्यांना हिणवायचं, अशी रीत होती. गावच्या विहिरीला त्यांनी हात लावायचा नाही, हीसुद्धा रीतच. बाबुरावांच्या लोकांनी ते काम कधीच टाकून दिलं होतं. हसणाऱ्यांनी मात्र हसणं टाकलं नव्हतं.

"मला ठावं हाय," जाईबाई म्हणाल्या. "बालाबी ठावं व्हतं."

बाबुराव वळले.

"तू पोरांना सांगत व्हतास, माझ्या बानं शंभर गोळ्या झाडल्या. बा लाकडाची मोळी घेऊन तुझ्या मागं उभा. सगळं ऐकलं त्यानं. तुला रागं भरला न्हाई. पर त्या दिवसापासनं लढाईचं नाव काढलं न्हाई त्यानं. मला म्हनला, बाबूला लाज वाटते, आता ऱ्हाऊ दे."

बाबुराव खाली बसले. बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते, आणि मी नेहमीप्रमाणे खाली.

"तुला काय काय सांगितलं त्याने?" त्यांनी विचारलं.

"एक सुभेदार व्हता, लई मोठ्या घरचा. पोटात गोळी लागलेली. बानं त्याला दिवसभर वाहून आनला. वाटंत त्यानं पानी मागितलं. बा म्हनला, साहेब, बाटली माझी हाय, मी अमक्या जातीचा. त्यो म्हनला, आन इकडं. बाच्या हातनं प्याला. गावात विहिरीवर चढू देत नव्हते रे बाबू, आन् तिकडं त्यो सुभेदार त्याच्या हातचं पानी मागून प्याला. ह्ये सांगताना बा हसायचा."

बाबुरावांनी मला उचललं आणि बंदुकीला हात घातला.

"पप्पा, थांबा, मी नीट काढते," प्राची म्हणाली.

"लावायला मी लावली. मीच काढतो."

प्राचीचं काम पक्कं असतं. बंदूक निघताना माझ्या खांद्याचा टवका घेऊनच निघाली. मग प्राचीनं पर्समधून नखं रंगवायची लाल बाटली काढली, काडीच्या टोकानं दंडावर क्रॉस काढला. घाईत तो जरा वाकडा आला.

संध्याकाळी विहारात वंदना झाली. मला टेबलावर मेणबत्त्यांच्या शेजारी मांडलं होतं. रत्नदीप यांनी कागद वाचायला घेतला. मजकूर बाबुरावांनीच महिनाभर आधी लिहून पाठवला होता. "वीर सैनिक चांगदेव यांनी ब्रह्मदेशात शत्रूवर..." एवढ्यात बाबुराव उठले आणि त्यांनी माईक मागून घेतला.

"जय भीम. तो कागद खोटा आहे. मीच लिहिलाय. माझ्या वडिलांनी युद्धात एकही गोळी झाडली नाही. ते जखमी माणसं उचलून आणायचे. कोणी त्याला मढी ओढणं म्हणेल म्हणून मी ते लपवलं. माझ्या बायकोला नाही सांगितलं, मुलीला नाही सांगितलं. जी माणसं त्यांनी आणली, ती जिवंत होती."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "साधु, साधु, साधु." विहारात चांगल्या गोष्टीला अशीच दाद देतात. मग सगळा विहार तेच म्हणाला. मी रेझिनचा आहे, मला गहिवर येत नाही. पण त्या संध्याकाळी मी कोणाच्या जागी बसलो आहे, ते मला पहिल्यांदा कळलं आणि अभिमान वाटला.

आता मी पुन्हा कपाटात आहे. खांद्याचा टवका प्राची पुट्टी लावून बुजवणार होती. बाबुराव नको म्हणाले. दर रविवारी ते कोपरीला बहिणीकडे जातात आणि विचारतात, "ताई, अजून काय सांगायचा बा?" जाईबाई खूप आठवून बघतात. त्यांच्याजवळ तीनच गोष्टी उरल्या आहेत. पाण्याची, एका ओढ्याची आणि एका रात्री डोली मोडली त्याची. बाबुराव त्या तिन्ही पुन्हा ऐकतात आणि घरी येतात. बाकीच्या गोष्टी ज्याच्याजवळ होत्या, तो माणूस बाबुरावांच्याच घरात पुढे पंधरा वर्षं गप्प बसून होता.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंवरची धूळ जमेल तेव्हा पुसा. महिनाभर राहिली तरी आमचं काही जात नाही. पण तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा की त्यानं आयुष्यात काय काम केलं. ते जे सांगेल ते तसंच ऐका, त्याला आपल्या पदरचं काही चिकटवू नका. आणि हे आजच विचारा.