पुसलेलं वाचणारे बाबा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर सर्वदर्शी बाबा डोळे मिटून डोलत होते. "जे तुम्ही पुसलंत, तेही मला दिसतं!" ते गरजले, आणि एका कारकुनाने साहेबाला लिहिलेला, पण कधीच न धाडलेला राजीनामा त्यांनी जसाच्या तसा म्हणून दाखवला. कारकून जागच्या जागी गार. टाळ्यांनी छत दणाणलं.

बाबांचा एक नेम होता. फुलं नकोत, फळं नकोत. भक्ताने घरातला जुना कॉम्प्युटर तेवढा अर्पण करायचा. भक्त बिचारे सगळं डिलीट करून, वरून फडकं मारून आणून देत. विरक्ती म्हणावी तर अशी!

शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई मागच्या रांगेत वहिनीशेजारी बसल्या होत्या. बाईंचा दादा गेला, तेव्हा वहिनीने त्याचा कॉम्प्युटर इथेच दिला होता. काही दिवसांतच बाबांच्या तोंडून दादा बोलला, "तुझ्या शिलाई मशीनच्या आवाजाशिवाय मला झोप येत नाही." वहिनी विरघळली. मग दादा पुढे म्हणाला, शिलाईचं दुकान बंद कर आणि बाबांच्या सेवेला लाग. उद्या दुकानाला कुलूप लागणार होतं.

"हे असंच बोलायचे हो, वन्सं! बाबांना कुठून कळणार?" वहिनीचं एकच पालुपद. समजावून समजावून बाईंच्या तोंडाला फेस आला. शेवटी त्यांनीही आपला कॉम्प्युटर अर्पण करून टाकला.

आता बाबांचं बोट बाईंवर रोखलं गेलं. "बेटी, नदीत बुडालेला तुझा जुळा भाऊ म्हणतोय, मी तुला क्षमा केली!"

सभागृह हळहळलं. वहिनी मात्र ताडकन उठली. "कसला जुळा? ह्यांच्या पाठची ही एकटीच!"

"मागच्या जन्मीचा," बाबांनी सावरून घेतलं.

"मागच्या आठवड्यातला," बाई म्हणाल्या. "मीच टाइप केला, मीच डिलीट केला."

वहिनी तरातरा व्यासपीठावर गेली आणि तिने मागचा पडदा ओढला. आत उघडे कॉम्प्युटर मांडलेले, आणि बाबांचा चेला कुणाचं तरी प्रेमपत्र चवीने वाचत बसलेला!

"डिलीट केलं म्हणजे दारावरची पाटी काढली," बाईंनी लोकांना सांगितलं. "भाडेकरू आतच असतो. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तसंच राहतं, आणि ते वर काढणारे प्रोग्रॅम कुणालाही मिळतात. ही दिव्यदृष्टी नव्हे, लोकांचं चोरून वाचणं आहे!"

बाबा मागच्या दाराने पसार व्हायला निघाले. कारकून ओरडला, "अहो, माझा राजीनामा!"

वहिनीचे डोळे भरून आले. "म्हणजे हे बोललेच नाहीत?"

"झोपेचं वाक्य दादाचंच, वहिनी. जिवंतपणी लिहिलेलं. दुकान बंद कर, एवढंच बाबाचं."

वहिनीने डोळे पुसले आणि दादाचा कॉम्प्युटर उचलून छातीशी धरला. "चला वन्सं. उद्या दुकान उघडायचंय."

तेव्हा लोकहो, जुना कॉम्प्युटर खुशाल द्या, पण आतली डिस्क आधी काढून घ्या. आणि डोकं तर कुणालाच अर्पण करू नका.