चाळीस खाटा

मामेबहिणीचा शोध खोटा निघावा, असं मला मनापासून वाटत होतं. हे आधीच सांगते, म्हणजे माझी पुढची मोजमापं किती निर्मळ होती ते ज्याचं त्याने ठरवावं.

आम्ही दोघी विद्यापीठाच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात हंगामी कामाला होतो. कायम जागा एकच निघणार होती. विज्ञान विभागाच्या जुन्या इमारतीचा इतिहास ती लिहीत होती आणि तळटीपा मी तपासत होते. युद्धाच्या काळात तिथे इस्पितळ होतं, असं तिने शोधून काढलं. पुरावा म्हणजे दुरुस्तीच्या नोंदवहीतली एक ओळ: ‘उत्तर दालनात चाळीस खाटा.’ दारावर तशी पाटी लागणार होती. चहाच्या वेळी सगळे तिच्याच टेबलाभोवती. मी माझा चहा माझ्या टेबलावर प्यायचे.

मूळ वही मी काढली. भिंगाखाली तो ‘टा’ मला ‘चा’ दिसला. त्याच कारकुनाचे वीस ‘ट’ आणि वीस ‘च’ शोधून शेजारी ठेवले. खाटा नव्हेच, खाचा! भिंतीतल्या खाचा. जवळजवळ धावतच उत्तर दालनात गेले आणि मोजल्या. बरोबर चाळीस. पदवी मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

पण मी मूळची विज्ञानाची, आणि प्रयोगशाळेची सवय वाईट. एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं. दुसऱ्यांदा अडतीस भरल्या. तिसऱ्यांदाही अडतीस. पहिल्या वेळी मला चाळीस हव्या होत्या, म्हणून गिलाव्यातले दोन खड्डेही मी जमेत धरले होते.

चाळीसच सांगून टाकावं, असं फार वाटलं. शेवटी तिच्यापुढे वही ठेवली आणि अडतीस म्हणाले.

“मला तोंडघशी पाडायला आलीस ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मग नीट पाड की, बाई! पुढचं पान वाचलंस?”

नव्हतं वाचलं. हवी ती ओळ मिळाल्यावर मी थांबले होते. तीही तशीच थांबली होती. आम्ही पान उलटलं. ‘पैकी दोन दारासाठी बुजवल्या. बाकीच्यांत पुस्तकांच्या फळ्या बसवल्या.’

“गेलं माझं इस्पितळ,” ती हसत सुटली. “चाळीस रोगी एका झटक्यात बरे!”

आणि मला हाताला धरून ती थेट विभागप्रमुख बाईंकडे घेऊन गेली. “मॅडम, पाटी थांबवा. मी चुकले. हिने पकडलं.”

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे, फक्त तिच्याकडे, बघितलं. “आपली चूक आपण येऊन सांगायची, वर श्रेय बहिणीला द्यायचं! याला म्हणतात संशोधक.”

महिन्याभरात कायम जागेचं पत्र तिच्या हातात पडलं. घरी सांगितलं, तर आई म्हणाली, “बघ, चुकावं कसं, तेसुद्धा तिच्याकडून शिकून घे.”