तर्रीची मोटर

सुशीलचं पोट महिन्यातून एकदाच दुखायचं, शेवटच्या शनिवारी, आणि त्यावर ओवा-बिवा काही चालायचा नाही. कारण ते दुखणं गोपिकेचं होतं. ही गोपिका कोण ते सांगतोच, पण आधी शनिवारचं सांगायला हवं.

वर्धा रोडच्या बाजूला लग्नाचा एक हॉल आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिथं लग्न नसलं की इंजिनिअरिंगची पोरं तो घेतात आणि संध्याकाळी सहाला ‘ठोकाठोकी’ सुरू होते. पंगती बसतात त्या बाजूला जाड पारदर्शक प्लास्टिकची, खोलीएवढी पेटी. तिच्यात घरी बनवलेले, दीड किलोच्या आतले रोबो एकमेकांना भिडतात. कोणाला फिरतं पातं, कोणाला उलथणं. तीन मिनिटांची झुंज, जो हलायचा थांबला तो हरला. आणि नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर गावातल्याच पोरांचा बँड, गाणी स्वतःची, चालीही स्वतःच्या. सेमीफायनल संपली की बँडची सहा गाणी होतात. तेवढ्या वेळात ज्याचं जे तुटलं असेल ते त्यानं जोडायचं आणि फायनलला उभं राहायचं.

सुशील या पोरांत आला तो योगायोगानं. महाल भागात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, ज्याची मोटर जळाली त्यात तांब्याची तार नव्यानं भरून देणं हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. तीन वर्षांपूर्वी अंकुश नावाचा कॉलेजातला पोरगा रुमालात बांधून लिंबाएवढी मोटर घेऊन आला. सुशील आधी हसला, मग चष्मा लावून बसला आणि तासाभरात मोटर भरून दिली. पुढच्या शनिवारी अंकुशनं त्याला हॉलवर नेलं, कोपऱ्यात टेबल दिलं, आणि बघता बघता बेचाळीस वर्षांचा सुशील सगळ्या हॉलचा दादा झाला. दादा, ही पाहा. दादा, वास येऊन राहिला. त्याच्या टेबलाभोवती पोरांची अशी गर्दी व्हायची की त्याची बायको काजल, जी गाणी ऐकायला म्हणून सोबत यायची, तिला स्वतःच्याच नवऱ्याशी बोलायला रांग लावावी लागे. सुशील वरवर वैतागायचा. आतून मात्र त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आणि दिवाळीनंतर गोपिका आली.

बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात ती मेंटेनन्सला होती. वय सव्वीस, बोलणं कमी, हातात कायम काहीतरी. पहिल्याच शनिवारी तिचा ‘तर्री’ नावाचा लालभडक रोबो तिघांना उलटा करून गेला. तेही सुशीलनं सहन केलं असतं. पण ती लॅपटॉप उघडून बसली आणि दुसऱ्यांच्या रोबोंतले दोष सांगू लागली, तेही विचारलं तरच, नम्रपणे, आणि दर वेळी बरोबर. आधी एक पोरगा तिच्या टेबलाकडे गेला. पुढच्या महिन्यात चार. डिसेंबरात अंकुश स्वतः सुशीलकडे आला तेव्हा सुशीलनं हातातला चहा खाली ठेवून चष्मा पुसायला घेतला.

“दादा, ही खुर्ची रिकामी आहे न?” अंकुश म्हणाला. “तिकडं बसायले जागा नाही. घेऊन जातो.”

आणि गेला घेऊन. चष्मा पुसून झाला होता, पण बघायला काही नव्हतं.

“तोंड काहून असं केलं जी?” काजलनं विचारलं. “कारलं खाल्लं काय?”

“काही नाही.”

“त्या पोरीनं तुमचं काय घेतलं?”

“खुर्ची घेतली,” सुशील म्हणाला, आणि काजल इतकी हसली की पुढच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली.

जानेवारीत तर कहर झाला. बँडच्या विहंगनं तर्रीवर गाणं केलं. ‘तर्री वं तर्री, मार एक गिरकी’ असं काहीतरी, अगदी साधं, पण ड्रम सुरू झाला की सगळा हॉल उड्या मारायचा. सुशीलला गाण्यातलं फार कळत नसे. एवढं मात्र कळत होतं की तीन वर्षं त्यानं ज्यांच्या मोटरी भरल्या, त्यातल्या एकालाही त्याच्यावर दोन ओळी सुचल्या नव्हत्या. त्या पोरीच्या दीड किलोच्या लोखंडावर मात्र आख्खं गाणं! आता चांगला संसारी माणूस, त्याला गाणं कशाला हवं? पण हवं होतं. झोपेत कूस बदलताना हवं होतं, दुकानात पंखा खोलताना हवं होतं. गोपिकेला तो इतकं पाण्यात पाहू लागला की शनिवार जवळ आला की घरात भांडी जोरात आपटायची, आणि ती काजल आपटत नव्हती.

फेब्रुवारीच्या शनिवारी तर्री सेमीफायनल जिंकली, पण जिंकता जिंकता तिच्या पात्याची मोटर जळाली. फायनल होती अंकुशच्या ‘रट्टा’शी. गोपिकेकडे एक जादाची मोटर होती, पण ती तिनं पहिल्याच फेरीत एका नवख्या टीमला देऊन टाकली होती. जळकी मोटर ओंजळीत घेऊन ती सुशीलच्या टेबलाशी आली. मागे अंकुश आणि चार पोरं.

“दादा, बाकी सारं येते मले, पण हातानं तार भरता येत नाही,” ती म्हणाली. “तुमच्याशिवाय इथं कोणी नाही.”

“कसंही करा, पण मोटर भरून द्या दादा,” अंकुश म्हणाला. “लढल्याशिवाय जिंकलो तं मी कोणाले तोंड दाखवू?”

इथं कोणी म्हणेल, झालं, मिळालं की माणसाला हवं ते. खरंच मिळालं होतं. सुशीलनं दिवा जवळ ओढला, बाह्या सारल्या, आणि स्टेजवरची पहिली दोन गाणी संपेपर्यंत त्याच्याइतका सुखी माणूस त्या हॉलमध्ये नव्हता.

असल्या मोटरीच्या पोटात बारा दातांचं एक चक्र असतं. त्यावर तीन तारा गुंडाळायच्या, एकेका तारेच्या वाट्याला चार दात, आणि बाराही दातांवर वेढे अगदी सारखे. जळकी तार सोडवताना सुशीलनं वेढे मोजले. सात. मग नवी तार घेऊन तो भरत सुटला. बांबूच्या चिपेनं तार दाबायची, अंगठ्यानं ताण धरायचा, पुढच्या दातावर जायचं. गोपिका शेजारी उभी राहून त्याच्या बोटांकडे टक लावून बघत होती. पहिली तार झाली, दुसरी झाली.

चौथं गाणं संपलं आणि विहंग माइकवर ओरडला, “तर्रीवाली कुठं आहे?” ड्रम वाजला. पोरांनी गोपिकेचे दंड धरले. ती नको नको म्हणत होती, “दादा काम करून राहिले, थांबा न,” असं दोनदा म्हणालीही, पण तिला स्टेजपुढे ओढून नेलं. अंकुशही गेला. जिच्याशी पंधरा मिनिटांनी लढायचं तिच्याच नावानं तो घसा फोडून गात होता. काजलसुद्धा उठून टाळ्या वाजवू लागली.

टेबलापाशी सुशील एकटा उरला, हातात तिसरी तार.

आपण इथं डोळे फोडून बसलोय ते कोणासाठी? आता ही जिंकेल, गाण्याला आणखी एक कडवं लागेल, त्यात आपलं नाव असेल का? नसणार. सुशीलनं तिसरी तार ताणली. त्यानं पहिल्या दातावर वेढे घेतले, एक, दोन, तीन, चार, पाच. आणि पुढच्या दातावर गेला. तिथंही पाच. तिसऱ्यावर पाच, चौथ्यावर पाच. चूक झाली असती तर एका दातावर झाली असती. चार दातांवर चूक होत नाही. मोटर चालणार होती, हातात धरून चालवली तर छान चालणार होती, पण पात्यावर जोर आला की तापणार होती. हे सुशीलला जितकं ठाऊक होतं तितकं त्या हॉलमध्ये कोणालाच नव्हतं.

गोपिका धापा टाकत परतली तेव्हा टोकं जोडून झाली होती. तिनं मोटर फिरवून पाहिली.

“काय मस्त चालून राहिली दादा!”

“चालणारच,” सुशील म्हणाला.

फायनल दीड मिनिटात आटोपली. तर्रीनं पहिल्या दोन धडकांत रट्ट्याचं एक चाक उडवलं, पोरांनी हॉल डोक्यावर घेतला, आणि मग तिचं पातं मंदावलं. पेटीत पिवळट धूर झाला. रट्टा तीन चाकांवर लंगडत आला आणि त्यानं तर्रीला भिंतीशी नेऊन उलटी केली. खोटं कशाला सांगा, सुशीलला बरं वाटलं. उन्हातून येऊन थंड ताक प्यावं तसं बरं वाटलं. ते ताक पोटात उतरेपर्यंतच काय ते टिकलं.

कारण गोपिका थेट त्याच्याकडे आली, मोटर फडक्यात धरून. डोळे लाल होते, धुरानं असतील किंवा कशानं.

“माफ करा दादा. मी जास्तच पळवली तिले. तुमची मेहनत जाळून टाकली.”

“असू दे,” सुशील कसाबसा म्हणाला.

“नाही दादा, माझीच चूक आहे. बॅटरीचा जोर कमी ठेवाले पाहिजे होता. घरी बसून सारं तपासतो म्हटलं, पण आधी एक काम आहे.” ती मागे वळली. “या रे सारे. दादांचा हात पाहून घ्या. मी दोन तारा भरताना पाहिल्या, प्रत्येक दातावर सात टर्न, एकावर एक नाही चढला. तिसऱ्या वेळी मले तुम्ही ओढून नेलं. आता ती सोडवून पाहू.”

पोरं आली. खुर्च्या घेऊन आली. चार महिन्यांत पहिल्यांदा सुशीलच्या टेबलाभोवती उभं राहायला जागा उरली नाही. जिंकलेला अंकुशही रट्टा काखेत मारून पुढे बसला. सुशील म्हणाला, “आता कायले उघडतेस वं, राहू दे, जळालेली तार आहे,” आणि मोटरीकडे हात नेला. पण गोपिकेनं तारेचं टोक चिमट्यात धरलंही होतं. जुने वेढे मोजल्याशिवाय नवी तार घ्यायची नाही, हे तिनं तासाभरापूर्वी त्याच्याकडूनच पाहिलं होतं.

ती सोडवू लागली आणि पोरं मोठ्यानं मोजू लागली. “एक! दोन! तीन! चार! पाच!”

तार पुढच्या दाताकडे निघाली.

“पाचच?” कोणीतरी म्हणालं.

“थांब, पुढचा पाहू.” पुढच्यावरही पाच. तिसऱ्यावर पाच. चौथ्यावर मोजणाऱ्यांचा आवाज आपोआप खाली आला, देवळात येतो तसा.

“मुद्दाम आहे हे,” अंकुश हळूच म्हणाला. “चारही दातांवर सारखे. दादा, ही ट्रिक आहे न तुमची?”

“वजन कमी कराले असंन,” एक पोरगा म्हणाला.

“नाही बे, स्पीड वाढत असंन. पाहिलं नाही काय, पहिल्या धडकेत चाक उडवलं!”

“हां! आणि मी बॅटरी कमी केली असती तं जळलीच नसती,” गोपिका म्हणाली. तिचा चेहरा उजळला. “दादा, आम्ही सारे आपल्या मोटरी अशाच भरून घेतो. फक्त समजावून सांगा. इथं पाच काहून?”

अंकुशनं मोबाइल काढला होता. ग्रुपवर टाकायला त्याचा अंगठा तयार होता. आठ-दहा तोंडं सुशीलकडे लागली होती. इतकी वाट त्या हॉलनं त्याच्या शब्दाची कधीच पाहिली नव्हती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पोरांनी कारणंही तयार करून दिली होती, यातलं हवं ते घ्या म्हणून. मागे काजल उभी होती. वीस वर्षं वाइंडिंगवाल्याच्या घरात काढलेली बाई, पंख्याच्या तारा स्वतः भरलेल्या. ती हसत नव्हती.

“तू हरावी म्हणून,” सुशील म्हणाला.

सगळे खो खो हसले. अंकुशनं मांडीवर थाप मारली. गोपिकाही हसली, तोंडावर हात ठेवून. ही आणखी एक पळवाट होती, आणि सगळ्यांत सोपी. सुशीलनं हसणं संपायची वाट पाहिली. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा फार कठीण गेलं.

“मस्करी नाही करून राहिलो,” तो म्हणाला. “तुम्ही तिच्या नावाचं गाणं म्हणून राहिले होते. मले ते पाहावलं नाही. चार दातांवर दोन-दोन टर्न कमी घेतले, मोटर जळावी म्हणून. अशी भरू नका कोणी.”

स्टेजवर विहंग वायरी गुंडाळत होता. अंकुशनं मोबाइल खाली ठेवला. कोणी कोणाकडे बघेना.

गोपिका हातातल्या जळक्या तारेकडे बघत राहिली. तिनं ती बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

“मले वाटलं,” ती म्हणाली, “माझंच काही चुकलं.”