रविवारच्या माथी खापर

मित्रांनो, तुमच्या घरी पोळ्या तव्यावर होतात, म्हणून तुम्ही मला ओळखणार नाही. मी खापर आहे, मातीचं आणि आता बरंच जुनं. दिसायला रुंद तोंडाच्या घागरीसारखं. चुलीवर मला उपडं ठेवतात, खालून जाळ घालतात आणि माझ्या तापलेल्या पाठीवर ताटाहून मोठी पुरणपोळी टाकतात. आमच्या खानदेशात तिला मांडा म्हणतात.

तापीकाठच्या प्रकाशा गावात दगूबाई कुंभारणीच्या हातांखाली मी घडलो. भट्टीतून निघालेलं प्रत्येक खापर त्या बोटाने वाजवून पाहत. खणखणीत वाजलं तर बाजूला ठेवत, बद्द वाजलं तर तिथेच फोडून टाकत. माझ्या शेजारचं एक खापर असं माझ्यादेखत फुटलं. तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. मातीच्या भांड्याने संशयी असावंच, मित्रांनो. ज्याने उचललं तो जपून खाली ठेवीलच याचा काय भरवसा?

मला घरी आणलं कौसाबाईंनी, त्यांच्या मुलाच्या, हेमकांतच्या लग्नाच्या वर्षी. मागच्या दारी पत्र्याच्या पडवीत चूल होती, तिथे माझी जागा झाली. कौसाबाईंचे यजमान आधीच वारले होते. शेती, दोन मुलं आणि घर त्यांनी एकटीने सांभाळलं होतं. त्यांच्या हातात फार मोठी कला होती. पुरण भरलेला गोळा त्या दोन्ही हातांवर खेळवत, तो कोपरापर्यंत पसरत जाई, आणि फाटणार असं वाटत असतानाच अलगद माझ्या पाठीवर येऊन पडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाकटी लेक चेतना नंदुरबारहून माहेरी येई. मग सकाळपासून चूल पेटलेली असे. बायका म्हणत, "कौसाबाईना हात आन् हाई खापर, दुसरं काही नही लागत." मला ते ऐकून बरं वाटे.

पुढे घरात गॅस आला. हेमकांतची बायको निर्मला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची सकाळची शाळा. तिला चुलीपुढे बसायला वेळ कुठला? शहाद्याच्या दुकानातून तयार पुरणपोळ्या येऊ लागल्या आणि मी गोठ्याच्या माळ्यावर गेलो. एका कोंबडीने मला घर मानलं. वर्षं गेली. माझी आठवण कोणाला झाली नाही.

मग चेतना आजारी पडली. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा नंदुरबारला तिचं रक्त यंत्राने शुद्ध करून घ्यावं लागे. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या कोणी एक मूत्रपिंड दिलं तर ती यातून सुटेल. कौसाबाई पुढे झाल्या, पण त्यांना मधुमेह. हेमकांतची तपासणी झाली आणि त्याचं जुळलं. घरात आनंद मावेना. पण डॉक्टर म्हणाले, "तुमचं वजन फार आहे, साखरही काठावर आहे. असा माणूस आम्ही दाता म्हणून घेत नाही. वजन उतरवून या, मग पुढचं ठरवू."

हेमकांत शहाद्याच्या एका पतसंस्थेत कारकून. खाण्याचा भारी शौकीन. पण बहिणीसाठी त्याने मनावर घेतलं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. पहाटे तापीच्या पुलापर्यंत चालून यायचं. पहिल्या काही आठवड्यांत वजन उतरलं. मग जीव कंटाळला. तेव्हा कचेरीतल्या कोणीतरी त्याला युक्ती सांगितली. आठवडाभर पथ्य करायचं आणि एक दिवस मोकळा सोडायचा, म्हणजे मन टिकतं. त्याला चीट डे म्हणतात म्हणे. रविवार ठरला.

कौसाबाई तातडीने गोठ्यात आल्या, कोंबडीला हुसकलं आणि मला खाली उतरवलं. मला आनंद झाला हे खरं. पण इतक्या वर्षांनी अचानक माझी एवढी आठवण कशी झाली, हा किडा माझ्या डोक्यात तेव्हाच शिरला.

चुलीपुढे बसून कौसाबाईंनी सुनेला विचारलं, "चीट डे म्हंजे काय व?"

निर्मला म्हणाली, "चीट म्हणजे फसवणं, आई. फसवायचा दिवस."

"मंग फसाडतस कोणले?"

निर्मला हसली, हेमकांतही हसला.

खरं सांगायचं तर आरंभी त्या दिवसाने काम केलं. बुधवारी-गुरुवारी हेमकांतचा चेहरा उतरला की तो स्वतःलाच म्हणे, "रविवार शे ना," आणि गुमान भाकरी खाई. रविवारी दोन मांडे तुपात बुडवून खाल्ले की गडी सोमवारी पुन्हा पुलाकडे चालू लागे. वजनाचा काटा हळूहळू खाली येत होता. मला वाटलं, आपण उगाच संशय घेतला.

पण मग रविवारला पाय फुटले. शनिवारी संध्याकाळी पुरण शिजे, तेव्हा गोडी बरोबर आहे का ते पाहायला हेमकांतलाच हाक पडू लागली. चाखणं वाटीभर होई. रविवारी सकाळ-दुपार-रात्र तेच. माझ्या पाठीवर पडणारे मांडे वाढत गेले. घरात खाणारी माणसं तेवढीच. उरलेले कुठे जातात? मी चुलीवरून पाहत राहिलो.

सुरतला जाऊन हेमकांत पडलेल्या चेहऱ्याने परत आला. वजन तिथेच अडलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा वेळ दिला होता.

त्यानंतर त्या घरात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागला. निर्मलाला वाटे, नवरा कचेरीजवळ भजी खातो. ती त्याची पिशवी तपासे, सदऱ्याचा वास घेई. हेमकांतला वाटे, वजनाचा काटाच खराब आहे. त्याने तो बदलून आणला. नवा काटाही तेच सांगू लागला. मलाही हेमकांतचाच संशय येत होता. हा माणूस मनातून भ्यायला असेल का? वजन उतरलंच नाही तर कोणी त्याला बोल लावणार नाही, आणि पोटावर सुरीही फिरणार नाही.

एके दिवशी चेतनाचा नवरा भाग्येश आला. चहाही न घेता मागच्या दारी उभा राहिला. त्याचे डोळे जागरणाने लाल होते. म्हणाला, "भाऊ, नही देनी व्हई तं तोंडवर सांगा. मांडा खाई खाई नही म्हनू नका."

कौसाबाईंनी मान वर केली नाही. भाग्येश तसाच निघून गेला.

पुढच्या सोमवारी मला ते दिसलं. निर्मला शाळेत गेली होती. कौसाबाईंनी चुलीत चार काटक्या सारल्या, मला थोडं तापवलं आणि फडक्यातून आदल्या दिवशीचा मांडा काढून माझ्या पाठीवर गरम केला. त्यावर तूप सोडलं, घडी घातली आणि ती हेमकांतच्या डब्यात तळाशी ठेवली. वर भाकरी झाकली. मंगळवारी पुन्हा तेच. संध्याकाळी डबा रिकामा परत येई. निर्मला पिशवी हुंगत होती, पण डबा सासूबाई भरत असल्यामुळे त्याच्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

मित्रांनो, मी फार चक्रावलो. ज्या आईची लेक यंत्राला टांगलेली, ती आई असं का करील?

त्याचा उलगडा चेतनानेच केला. एका रविवारी ती माहेरी आली. चेहरा सुजलेला, पाय जड. पडवीत पाट घेऊन ती चुलीजवळ बसली आणि आईचे हात पाहू लागली. एकावर एक मांडे रचले जात होते.

"माय, इतला मांडा कोणसाठे?"

"खातीन लोके."

"कोणता लोके? भाभी अर्धा खास. माले तं पथ्य शे. मंग ऱ्हायना कोण?"

कौसाबाईंच्या हातावरचा मांडा फाटला. त्यांच्या हातून मांडा फाटलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

चेतनाने आवाज चढवला नाही. तिने विचारलं, "तू भाऊले जाणीबुजीसन खावाडस ना?"

मग कौसाबाई रडू लागल्या. "दोन्ही मन्हा पोटना शेतस. एकले वाचाडाले दुसरानं पोट फाडानं. तुम्हना बाप गया. आते याले काही व्हयनं तं? तू सांग, मी काय करू?"

"मंग तसंच म्हन ना, माय. 'देऊ नको' म्हन. मी ऐकी लिसू. पन पोयीमा घालीसन सांगू नको."

दारात हेमकांत उभा होता. तो कधी आला ते कोणाला कळलं नव्हतं. तो खाली बसला आणि म्हणाला, "माय, डबामा पोयी ऱ्हास हाई माले पहिला दिनपाईन माहीत व्हतं. मी मांगितली नही, पन टाकी बी नही. माले बी भ्याव वाटे. रोज भाकर उचलू, पोयी देखू, आन् खाई टाकू."

चेतना दोघांकडे पाहत राहिली. "मंग रविवारना माथे खापर काबर फोडी ऱ्हायनात तुम्ही?"

खापर फोडायचं नाव निघालं आणि माझ्या अंगावर काटा आला. पण माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. कौसाबाईंनी लेकीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हेमकांत तोंड फिरवून डोळे पुसत होता. मला त्याच्या भीतीचा संशय आला होता तो खोटा नव्हता, पण त्या भीतीत तो एकटा नव्हता, हे मला दिसलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कौसाबाई स्वतः सुरतला गेल्या. परत आल्यावर चुलीपुढे बसून त्यांनी निर्मलाला सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंना त्यांनी विचारलं होतं, मुलगा पुन्हा पोतं उचलेल का, शेतात जाईल का, म्हातारा होईपर्यंत जगेल का? बाईंनी प्रत्येक गोष्ट समजावली होती. एका मूत्रपिंडावर माणूस नीट जगतो, पण जपावं लागतं, तपासणी आयुष्यभर करावी लागते. शेवटी कौसाबाईंनी विचारलं, "खात्री देशी का?" तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "पूर्ण खात्री मी कशाचीच देत नाही, आजी."

"तठेच माले तिन्हा भरोसा उना," कौसाबाई म्हणाल्या. "खोटं नही बोलनी ती."

मग घराची रीत बदलली. मोकळा दिवस गेला, मोकळं जेवण राहिलं. रविवारी दुपारी सगळ्यांनी पंगतीला बसायचं, हेमकांतने एक मांडा सावकाश खायचा. उरेल इतकी कणीक भिजवायचीच नाही. शनिवारचं चाखणं बंद. डबा हेमकांत स्वतः भरू लागला. माझी चूल दुपारीच थंड होई. काम कमी झालं याचं मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

वजन काही धावत खाली आलं नाही. काही आठवडे ते हललंच नाही. तेव्हा निर्मला पिशवी हुंगायची नाही. सरळ विचारायची, "काही खाल्लं का?" कधी तो "नाही" म्हणे, कधी मान खाली घालून "हो" म्हणे. "हो" म्हटलं की ती त्याच्याबरोबर पुलापर्यंत चालायला जाई. भाग्येशचे फोन येत. पहिल्यांदा हेमकांत फोन घ्यायला कचरे, मग घेऊ लागला आणि काटा दाखवतो तोच आकडा सांगू लागला.

एक दिवस सुरतहून होकार आला.

निघण्याआधीचा रविवार मला चांगला आठवतो. हेमकांतने आपला मांडा संपवला, बोटं चाटली आणि मुलासारखं हसून ताट पुढे केलं. "माय, आज आखरीना दिन शे. आखो एक दे."

कौसाबाईंच्या हातावर मांडा पसरलेला होता. त्या थांबल्या. जन्मभर ज्या बाईने कोणाच्या ताटाला नाही म्हटलं नव्हतं, तिने तो मांडा माझ्या पाठीवर टाकला, भाजला आणि निर्मलाच्या ताटात वाढला.

"नही, भाऊ," त्या म्हणाल्या. "ऊठ. हात धू. बहीन वाट देखी ऱ्हायनी."

शस्त्रक्रिया झाली. सूज उतरलेली चेतना आता स्वतःच्या पायांनी परसात येते. हेमकांत वाकताना अजून पोटाला हात लावतो, पण शेतात जातो. डॉक्टरांकडच्या फेऱ्या दोघांच्याही चालू आहेत आणि चालू राहतील.

मला कोणी विचारलं, की असा ठरवलेला मोकळा दिवस वजन उतरवायला मदत करतो की आडवा येतो, तर मी चटकन उत्तर देत नाही. त्याच दिवसाने हेमकांतला आरंभी तारलं, हे मी पाहिलंय. त्याच दिवसाच्या आडून माणसं काय काय लपवतात, हेही पाहिलंय. माझा त्या दिवसावर पुरता विश्वास आजही नाही.

तेव्हा मित्रांनो, मातीच्या भांड्याला दोन्ही हातांनी उचला, तापलेल्या अंगावर पाणी ओतू नका, एवढं माझ्यासाठी करा. आणि घरात कोणी आग्रह करकरून वाढत असेल, तर पहिल्या घासाआधी त्याच्या जवळ बसा आणि त्याला कसली भीती वाटते ते विचारा. विचारल्याशिवाय ती भीती तुमच्या ताटात पडत राहील, आणि तुम्ही ती गोड म्हणून खात राहाल.