मिठापासून सुरुवात

विश्वंभरनं पहिला घास घेतला आणि ताट पुढं सरकवलं.

"शालू, भाजीत मीठ न्हाई."

पाण्याच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं गोरेगावात दुकान. दारू सोडून वर्ष होत आलेलं. सुरुवातीला लोक थांबवून हात मिळवायचे, मग विसरले. सुधारलेल्या माणसाकडं गावाचं तसं काही काम नसतं. रविवारी हिंगोलीला व्यसनमुक्तीची बैठक असायची. मागच्या रविवारी जीप भरलेली होती, त्याच्या आधीच्या रविवारी डोकं दुखत होतं. गोरेगावची जीप कधी रिकामी जाते, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही.

आत काही लागत नव्हतं. सुख नाही, दुःख नाही, तलफसुद्धा नाही. जळकी मोटार बटण दाबल्यावर नुसती घुमते, फिरत नाही, तसं चाललं होतं.

शालूबाईनं चिमूटभर मीठ ताटात टाकलं. "कमी पडलं खरं."

"सदऱ्याला इस्तरी न्हाई."

"राह्यली."

"तुझा भाऊ बी तसलाच. दिवाळीला हात हलवत आला."

"चिक्कूच हाय तो. लहानपणापासून."

बायकोनं भावाची बाजू घेतली नाही, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. विश्वंभर अडचणीत आला. पिणाऱ्याला घरातून निघायला कारण लागतं, आणि ते पुरवणं बायकोकडं असतं. रागानं चपला घातल्या की कुणी काही विचारत नाही. शांतपणे घातल्या तर कुठं चाललो ते सांगावं लागतं.

तरी तो उठला. एका चपलेत पाय घातला.

"मागच्या बारीला सोडली व्हती, तवा बी परत मिठापासूनच सुरू झालं व्हतं," शालूबाई भाकरी थापत म्हणाली. "त्याच्या आधी इस्तरीपासून. तुमी पिता संध्याकाळी, पण सुरू करता सकाळच्या जेवणाला. म्हणून या बारीला भांडायचं न्हाई ठरवलं."

"दारूचं नाव कुणी काढलं?"

"कुणी न्हाई. तुमी मिठाचं काढलं."

तिच्या हातातली भाकरी फाटली. शालूबाईची भाकरी फाटत नसते. विश्वंभरनं ते पाहिलं. त्याला काही वाटलं नाही. आणि काही वाटलं नाही, याची मात्र जराशी भीती वाटली. बऱ्याच दिवसांत तेवढंच वाटलं.

"मला काहीच वाटून न्हाई राहिलं, शालू."

"ते मला नका सांगू. देविदासभाऊला सांगा." तिनं पिठाच्या हातानंच फोन पुढं केला. देविदास बैठकीतला, विश्वंभरच्या कितीतरी आधी त्यानं दारू सोडलेली.

विश्वंभर फोनकडं पाहत राहिला. दुसरी चप्पल पायाशीच होती. मग त्यानं फोन घेतला आणि लावला.

"कशावरून सुरू झालं?" देविदासनं नमस्कारसुद्धा केला नाही.

"मिठावरून."

"माझं पंख्यावरून व्हायचं. हिवाळ्यात. घरीच थांब, येऊन राहिलो."

विश्वंभरनं चप्पल काढली. ताटावर बसला. घास घेतला.

"खारट झाली," तो म्हणाला.

शालूबाईचा हात थांबला. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग ताटातली भाजी बोटानं चाखली.

"व्हय," ती म्हणाली, आणि ताकाचा पेला त्याच्याकडं सरकवला.